फायबर होडीचे स्ट्रिंजर आणि फ्लोअर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोकण किनाऱ्यावरच्या २० ते ३० फुटी फायबर होड्यांबद्दलचे आहेत. म्हणजे मासेमारीच्या, सिंधुदुर्ग किल्ल्यावर किंवा डॉल्फिन दाखवायला पर्यटक नेणाऱ्या, आऊटबोर्ड इंजिनाच्या किंवा छोट्या डिझेल इंजिनाच्या. मोठ्या ट्रॉलरचं गणित वेगळं, ते इथे नाही.

फायबर कुजत नाही म्हणून ही होडी घेतली. मग पाच-सात वर्षांत फ्लोअर मऊ का पडला?

फायबर खरंच कुजत नाही. कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड. बहुतेक होड्यांत फ्लोअर म्हणजे प्लायवर रेझिनमध्ये (सुकल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून मारलेली काचतंतूची मॅट, आणि त्याखालचे आधार (स्ट्रिंजर) म्हणजे लाकडावर चढवलेलं फायबर. कवच अभेद्य असेपर्यंत लाकूड कोरडं राहतं. पण सीट बसवायला कुणी चार स्क्रू मारतो, नांगर आपटून एखादी चीर पडते, नाहीतर पाणी वाहून जायला स्ट्रिंजरला पाडलेल्या भोकाची आतली कड कच्चीच राहते. तिथून पाणी शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते.

आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी लाकडाला जास्त घातक. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो, आणि ती ओल पावसाची असेल तर बुरशीचं फावतं. म्हणून चार महिने किनाऱ्यावर उघडी पडलेली होडी रोज समुद्रात जाणाऱ्या होडीपेक्षा लवकर कुजलेली दिसते. मासेमारीच्या होडीत मासे ठेवायच्या खणातलं बर्फाचं पाणी हाही गोड्या पाण्याचाच झरा. त्या खणाशेजारचा फ्लोअर पहिल्यांदा जातो, तो उगाच नाही.

स्ट्रिंजर नेमके काय काम करतात? नसले तर काय होईल?

स्ट्रिंजर म्हणजे होडीच्या बुडावर नाळेपासून (पुढच्या टोकापासून) पाठीपर्यंत लांबीने जाणारे उभे आधार. लाकडी होडीत वांक (आतल्या आडव्या फासळ्या) आणि फळ्या मिळून जे काम करतात, त्यातलं बरंच काम फायबर होडीत स्ट्रिंजर आणि आडवे आधार करतात. बुडाची जाडी फक्त काही मिलिमीटर असते. लाटेवर आपटताना ती आत-बाहेर लवते. स्ट्रिंजर ते लवणं थोपवतात, इंजिनाचा जोर बुडभर पसरवतात आणि फ्लोअरला टेकू देतात. ते निकामी झाले की बुडाला बारीक चिरा पडतात, फ्लोअरच्या कडा भिंतीपासून सुटतात, इंजिनाचे बोल्ट कितीही आवळले तरी ढिले होतात.

फ्लोअर न फोडता स्ट्रिंजर गेलेत का हे कसं ओळखायचं?

आधी ठोकून बघा. छोट्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ओळीने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी बद्द. पण खात्री हवी असेल तर ड्रिल. स्ट्रिंजरच्या बाजूला, अगदी खालच्या अंगाला ४-५ मिमीचं भोक पाडा आणि बाहेर येणारा भुसा बोटांवर घ्या. फिकट, कोरडा, लाकडाचा वास असलेला भुसा आला तर त्या जागेपुरती काळजी नाही. काळा, चिकट, आंबूस वासाचा आला किंवा सरळ पाणीच ठिबकलं तर निकाल लागला. भोक वरच्या अंगाला पाडू नका. लाकूड खालून वर कुजत जातं, त्यामुळे वरचा भाग शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो. तपासणी झाली की प्रत्येक भोक इपॉक्सी रेझिनने बुजवायचं.

होडी नेहमीपेक्षा जड वाटते, जास्त बसते, तेच इंजिन आता तेवढा वेग देत नाही, ही लक्षणंही ध्यानात घ्या. फ्लोअरखाली भरलेल्या फोमने आणि लाकडाने प्यायलेलं पाणी मोठ्या होडीत शंभर-दोनशे किलोच्या घरात सहज जाऊ शकतं.

जुन्या फ्लोअरवरच नवा प्लाय ठोकला तर?

एक हंगाम निघेल. पण खालचे स्ट्रिंजर कुजलेले असतील तर नवा प्लाय कशाला धरणार? शिवाय नवे स्क्रू म्हणजे नवी भोकं, आणि आतली ओल आता दुहेरी झाकणाखाली. होडी विकायच्या आधी काही जण हेच करतात. म्हणून जुनी होडी घेताना फ्लोअर नवाकोरा चकचकीत दिसला की मी जास्त सावध होतो.

भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोडायचा उपायही विचारला जातो. ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. भोकाभोवती चार बोटं टणक होतात, बाकीचं तसंच राहतं.

काम कधी काढावं? बंदीच्या काळात होडी तशीही वरच असते.

इथेच खरी अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर, खलाशी मोकळे; पण फायबरच्या कामाला याच्याइतका वाईट काळ नाही. ओलसर मॅट आणि घामेजलेलं बूड यावर रेझिन नीट चिकटत नाही. वरून टणक दिसतं, आणि वर्षभरात थर कागदासारखा सुटून येतो.

जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी हंगामातले काही आठवडे जातात, आणि ते कुणालाच परवडत नाही हे मान्य. मधला मार्ग असा की होडी मे महिन्याच्या सुरुवातीलाच वर घ्यायची, फोडाफोड आणि वाळवण उन्हात उरकायचं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत निदान स्ट्रिंजर बांधून टाकायचे. पावसात करायचंच झालं तर पक्क्या शेडखाली, सकाळी दहा ते दुपारी चार. पहाटे आणि संध्याकाळी बुडावर दव धरतं. मॅटचा रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरातच ठेवा, शेडमध्ये नको.

उन्हाळ्यात भर उन्हातही काम करू नये. तापलेल्या पृष्ठभागावर रेझिन मॅट भिजायच्या आत घट्ट होतं.

होडी कशी टेकवायची? याला इतकं महत्त्व का?

कारण आधार काढल्यावर बूड मोकळं होतं आणि ज्या आकारात टेकलेलं असेल त्याच आकारात नव्या आधारांनी कायमचं बांधलं जातं. दोन ओंडक्यांवर ठेवून स्ट्रिंजर काढले तर मधे झोल येतो. मग होडी पाण्यात सरळ धावत नाही, नाळ खाली दाबते किंवा उड्या मारते. इतकं काम करून होडी बिघडवायची ही सगळ्यात खात्रीची रीत.

कीलखाली (बुडाच्या मधल्या कण्याखाली) पूर्ण लांबीभर आधार द्या. दोन्ही अंगांना बूड जिथे वळतं तिथेही तीन-चार ठिकाणी टेकू हवेत. पाण्याच्या पातळीनळीने आडवं-उभं तपासा. दोन्ही काठांना जोडणाऱ्या दोन-तीन आडव्या फळ्या वरून बांधून टाका, म्हणजे भिंती फाकणार नाहीत. मग नाळेपासून ट्रान्समपर्यंत (होडीच्या मागच्या उभ्या पाटीपर्यंत) दोरी ताणा आणि दर फुटावर दोरीपासून स्ट्रिंजरच्या माथ्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा, फोटो काढा. आत डिझेल इंजिन असेल तर इंजिनाच्या बेडची (बैठकीची) उंची आणि शाफ्टची रेषा आधी मापा. तिथली चूक पुढे थरथर आणि झिजलेले बेअरिंग होऊन दिसते.

सगळे स्ट्रिंजर एकदम काढू नका. एक काढा, एक बसवा, मग पुढचा.

कुठपर्यंत कापायचं?

फ्लोअर भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून कापा. ती पट्टी नव्या फ्लोअरची उंची दाखवते, नंतर घासून काढता येते. कटरची खोली प्लायच्या जाडीएवढीच ठेवा. खाली डिझेलची टाकी किंवा वायर असू शकते, आणि त्याही खाली बूड आहे.

स्ट्रिंजरचं वरचं कवच ग्राइंडरने उघडा. आतलं लाकूड कधीकधी हाताने उपसता येतं. कुजका भाग संपल्यावर आणखी फूटभर चांगल्या लाकडात गेल्याशिवाय थांबू नका, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. बाजूचं फायबर टणक आणि बुडाला घट्ट धरून असेल तर ते ठेवून आत नवा गाभा इपॉक्सीत बसवता येतो. काम अर्ध्यावर येतं. पण ते कुठेही सुटलेलं दिसलं तर मोह नको, बुडापर्यंत काढा.

नवा गाभा लाकडाचा घ्यावा की फोमचा?

दोन्ही चालतात. फोम वापरला तर तो फक्त साचा असतो. सगळा भार वरच्या फायबरने घ्यायचा, म्हणून थर जास्त लागतात. कुजायला मात्र आत काही उरत नाही. मला स्वतःला सरळ लांब स्ट्रिंजरला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसी फोम आणि इंजिनाचे बोल्ट जातात तिथे घन प्लाय ही जोडी पसंत आहे.

प्लायच घ्यायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. आयएस ३०३ चा फर्निचरचा प्लाय ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जातो, तो होडीच्या पोटात नको. प्लायचा तक्ता आठ फुटी आणि स्ट्रिंजर त्याहून लांब, म्हणून १२ मिमीच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून घ्या आणि त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. सागवान घालू का, असं हमखास विचारतात. सागवान टिकाऊ खरं, पण त्यातल्या तेलामुळे रेझिनची पकड कमी होते. त्याचे पैसे चांगल्या रेझिनला लावा.

थर्माकोल स्वस्त पडतो. त्याचा साचा करून वरून फायबर मारलं तर?

पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोलला विरघळवतं. मॅट मारता मारता खालचा साचा बसतो. इपॉक्सीखाली तो टिकतो, पण इपॉक्सीवर एवढा खर्च करून थर्माकोलवर बचत कशाला?

पॉलिस्टर की इपॉक्सी?

होडी मुळात पॉलिस्टरची आहे म्हणून दुरुस्तीही पॉलिस्टरनेच, हा नियम नाही. जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरवर नवा थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, तो फक्त चिकटतो. आणि चिकटण्यात इपॉक्सी उजवी. लाकडालाही तीच जास्त धरते. किंमत मात्र कितीतरी जास्त. तोल असा साधता येतो: बुडाशी जोड आणि लाकडावरचा पहिला लेप इपॉक्सीचा, किंवा सगळं काम चांगल्या आयसो पॉलिस्टरमध्ये किंवा व्हिनिल एस्टरमध्ये. साधं जनरल पर्पज रेझिन पाण्याला कमी टिकतं, ते नको.

एकदा इपॉक्सी मारलीत की तिच्यावर पॉलिस्टर नीट बसत नाही, हे आधीच ठरवताना लक्षात घ्या. इपॉक्सीवर पॉलिस्टर नको, पॉलिस्टरवर इपॉक्सी चालेल. शिवाय नेहमीच्या चॉप्ड मॅटमधला बांधणारा डिंक स्टायरिनमध्ये विरघळायचा असतो, इपॉक्सीत ती मॅट ताठच राहते. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा बायएक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) कापड घ्या. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते, ती पुढच्या थराआधी पाण्याने घासून धुवा.

हार्डनर आणि कोबाल्ट किती घालायचं?

हार्डनर पॉलिस्टर रेझिनला घट्ट करतो, कोबाल्ट त्या क्रियेला वेग देतं. प्रमाणाआधी एक गोष्ट: हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट पूर्ण रेझिनमध्ये ढवळून घ्या, मग हार्डनर. दोन्हींची मापं वेगळी, बाटल्या वेगळ्या जागी. एकच माप धुऊन दोन्हींना वापरणारे कारागीर मी पाहिलेत, तिथून मी लांब उभा राहतो.

हार्डनर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० मिली. उन्हाळ्यात १ च्या जवळ, थंडीत वर. वेळ वाढवायला १ च्या खाली जाऊ नका, रेझिन कायमचं अर्धकच्चं राहील. कोबाल्टचं प्रमाण त्याच्या तीव्रतेवर ठरतं, डब्यावर पुरवठादाराने दिलेलं पाळा. काही रेझिनमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं, तेही विचारून घ्या. एका वेळी किलोभरच कालवा. बादलीत उरलेलं रेझिन स्वतःच तापतं, धूर येतो, कधी पेटतं.

स्ट्रिंजर बसवायची पद्धत सविस्तर सांगा.

बुडावरची जागा आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. मिठाचा अंश राहिला तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग ३६ किंवा ४० नंबरच्या पेपरने घासा, दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच, चमक पूर्ण जाईपर्यंत. धूळ झाडा, अॅसिटोन लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी काम सुरू करा. आज घासून पुढच्या आठवड्यात मॅट मारली तर घासणं फुकट.

गाभा बुडाच्या आकारात कापून बसवून बघा. तो बुडावर थेट टेकता कामा नये. लाकडाची कड एका ठिकाणी बुडाला रुतली की लाटेच्या प्रत्येक आपटीला बूड तिथेच वाकतं आणि बाहेरून रेषेसारखी चीर उमटते. मधे पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवा आणि ती पुट्टीने भरा. पुट्टी म्हणजे रेझिनमध्ये एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची पूड) आणि बारीक कापलेला काचतंतू, पाघळणार नाही इतकी घट्ट. भिंती रंगवायची पुट्टी किंवा गाडीच्या पत्र्याची पुट्टी इथे चालत नाही.

गाभ्याला सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, आधीच रेझिनचे लेप दिलेले असावेत. तो पुट्टीत दाबून बसवला की दोन्ही बाजूंचा कोपरा गोलवा. काचतंतूला काटकोनात वळता येत नाही, तो उचलला जातो आणि खाली हवा राहते. गोलाई अंगठ्याच्या जाडीची पुरे. वरच्या कडाही रंध्याने मोडून घ्या.

पुट्टी ओलसर असतानाच पहिला थर. बुडावर पहिला थर दोन इंच पसरू द्या, दुसरा चार, तिसरा सहा. सगळे थर एकाच रेषेत संपले तर तिथे पायरी होते आणि ताण साचतो. ४५० ची मॅट आणि ६०० चं विणलेलं रोव्हिंग (जाड काचतंतूचं कापड) आलटून पालटून; हे आकडे म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. बायएक्सियल मिळालं तर उत्तम, त्याचे धागे तिरके जातात म्हणून कोपऱ्याला ते जास्त बळ देतं. प्रत्येक थर लोखंडी फिन रोलरने दाबून हवा काढा. मॅट पांढरी दिसते तिथे ती भिजलेली नाही.

हिशेबासाठी: ४५० ची मॅट दर चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन पिते. पाच मीटर लांब, २० सेंमी उंच, पाच सेंमी रुंद स्ट्रिंजरला पसरट कडा धरून सव्वातीन चौरस मीटर पृष्ठभाग होतो. तीन थर म्हणजे साडेचार किलो मॅट आणि नऊ-दहा किलो रेझिन. चार स्ट्रिंजरांना चाळीस किलो, वर पुट्टी आणि वाया जाणारं.

पाण्याची भोकं विसरू नका. ती सर्वांत खालच्या जागी ठेवा, पीव्हीसी पाइपचा तुकडा घासून आत बसवा आणि चारी बाजूंनी इपॉक्सीने सील करा. जुनी होडी याच भोकांतून कुजली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

फ्लोअरला किती जाडीचा प्लाय?

आधार ४०-४५ सेंमीवर असतील तर १२ मिमी. जाळी, बर्फाच्या पेट्या, डिझेलचे कॅन आपटत असतील तर १८. खालची बाजू आणि कडा आधी रेझिनने आणि एका मॅटने बंद करून मगच बसवा, नंतर तिथे हात पोचत नाही. भिंतीपाशी फट ठेवून ती पुट्टीने गोलवा आणि वरून पट्टी मारा. वर दोन थर, त्यावर मेण घातलेला टॉपकोट, कारण साधं पॉलिस्टर हवेला लागून वरून चिकट राहतं. शेवटच्या हातात धुतलेली बारीक वाळू भुरभुरवली की पाय घसरत नाही.

दोन झाकणं ठेवाच. खाली हात आणि टॉर्च जाईल अशी जागा असली की ओल वेळेत कळते.

मग सीट आणि रेलिंग स्क्रूशिवाय कसं बसवायचं?

स्क्रू मारा, पण भोक आधी हवंय त्याच्या दुप्पट पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकल्यावर त्या इपॉक्सीत बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. मग स्क्रू ढिला झाला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. कंटाळवाणं आहे. तरी एवढ्यावर फ्लोअरचं आयुष्य ठरतं.

फ्लोअरखाली फोम भरावा का?

तरंगण्यासाठी हवाच, विशेषतः प्रवासी होडीत. फायबर पाण्यापेक्षा जड, होडी भरली की बुडते. १०० लिटर पीयू फोम जवळजवळ १०० किलो तोलून धरतो, आणि त्याचं स्वतःचं वजन तीन-चार किलो. पण बुडाशी गच्च ओतलेला फोम वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की हळूहळू पाणी धरतो आणि निचऱ्याची वाटही अडवतो. बाजूंना उंचावर भरा, कीलजवळचा मार्ग मोकळा ठेवा.

ट्रान्समही बदलावा लागेल का?

स्ट्रिंजर कुजले असतील तर तो बहुधा गेलेलाच असतो. उभ्या केलेल्या इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवा, कुणाला तरी ट्रान्समवर हात ठेवायला सांगा. लवतो का, बोल्टपाशी पाणी झिरपतं का, ते कळेल. टू-स्ट्रोक काढून त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक लावायचं मनात असेल तर आत्ताच करून टाका, ते जड असतं.

जिवाला धोका कशाचा?

हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा नव्हे, बंद गॉगल. आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. गेलाच तर निदान पंधरा मिनिटं सतत धुवा आणि तसंच डॉक्टरकडे. घासताना एन९५ किंवा त्याहून वरचा मास्क, पूर्ण बाह्या. हा मास्क स्टायरिनची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्ट्रिजवाला वेगळा लागतो. फ्लोअरखाली डोकं घालून काम करताना पंखा लावा आणि एकट्याने करू नका. जवळ बिडी पेटवणाऱ्याला आधी बाहेर काढा.

स्वतः करू की कारागिराला देऊ?

फोडणं, उपसणं, घासणं ही निम्म्याहून जास्त मजुरी असते आणि त्यात लागते ती चिकाटी. ते स्वतः करा. टेकू लावणं आणि स्ट्रिंजरवरचे थर अनुभवी माणसाकडून करून घ्या. कारागीर निवडताना तो किती लवकर देतो हे विचारू नका. घासतो कशाने आणि भोकं कशी बुजवतो ते विचारा.

प्रवासी होडी आहे. मेरीटाईम बोर्डाला कळवायचं का?

हो, आणि फ्लोअर बंद करायच्या आधी. सर्वेक्षकाला स्ट्रिंजर उघडे दिसले तर त्याचंही काम सोपं होतं. टप्प्याटप्प्याचे फोटो आणि प्लाय-रेझिनची बिलं जपून ठेवा. पुढे होडी विकतानाही तीच कामी येतात.

सगळं झालं. पाण्यात कधी घालू?

शेवटच्या थरानंतर आठवडाभर थांबा, पावसाळी हवा असेल तर आणखी. ड्रेन प्लग काढून आत बादलीभर पाणी ओता, ते न अडखळता बाहेर येतं का पाहा. पहिली फेरी रिकामी, कमी वेगात. परत आल्यावर इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळा आणि झाकण उघडून आत टॉर्च मारा. आणि पुढच्या पावसाळ्यात होडी वर ठेवताना नाळ थोडी उंच करा, प्लग काढून ठेवा आणि ताडपत्री अशी बांधा की खालून वारा खेळेल.